विहारावरचा स्लॅब

आमच्या बौद्धवाड्यातल्या विहाराचा स्लॅब अजून गळत नाही. मुरबाड तालुक्यातला पाऊस ज्याने चार महिने अंगावर घेतलाय त्यालाच यातलं कौतुक कळेल. मी जिथे शिकवते त्या शाळेचं छत गळतं, पंचायतीच्या ऑफिसचं गळतं, मी पगारातून पै पै साठवून बांधलेल्या घराचंही एका कोपऱ्यात गळतं. विहारात मात्र टिपूस नाही. ज्या माणसाने तो स्लॅब घालून दिला त्याने सिमेंटमध्ये लबाडी केली नव्हती, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. हे कबूल करताना मला आजही राग येतो.

तो माणूस जमिनीचा दलाल होता. नव्वदच्या पुढे किन्हवली-म्हसा भागात मुंबईची माणसं फार्महाऊससाठी जागा शोधत फिरायला लागली, तेव्हा त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून हात खिडकीबाहेर काढून डोंगर दाखवणारा हा असायचा. दहा वर्षांत त्याने स्वतःची गाडी घेतली आणि मग पंचायतीत पॅनेल उभं केलं. आमच्याकडे पैसे केले की माणूस आधी देवळाचा कळस करतो आणि मग निवडणुकीला उभा राहतो. याने कळस केला, गावदेवीपुढे फरशी बसवली, आणि निवडणुकीला सहा महिने असताना आमच्या विहारात आला.

विहार म्हणजे तेव्हा चार भिंती आणि वर पत्रे. वाड्यातल्या लोकांनी वर्गणी काढून भिंती उभ्या केल्या आणि तिथे सगळ्यांचा दम संपला. पावसाळ्यात बुद्धाच्या मूर्तीवर प्लास्टिकचा कागद घालायचो. माझी आई रोज संध्याकाळी तो कागद काढून मूर्ती पुसायची आणि वंदना झाली की पुन्हा घालायची. बायकांची वंदना तीच घ्यायची. शाळेत दोनच इयत्ता शिकली होती, पण त्रिशरण-पंचशील तिच्या तोंडून ऐकावं. ती पुढे म्हणायची आणि पंचवीस-तीस बायका तिच्यामागे म्हणायच्या.

दलाल आला तो रविवार होता. मी शहापूरजवळ सापगावच्या बाजूला शाळेवर होते, पण सुट्टीला घरी आलेली. दादा, माझा मोठा भाऊ, मुरबाडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता आणि त्या दिवशी पहिल्या पाळीला गेला होता. दलालाने चपला बाहेर काढल्या, मूर्तीपुढे हात जोडले, खाली सतरंजीवर बसला. म्हणाला, "स्लॅबचा सगळा खर्च माझा. सळई, सिमेंट, मजुरी. तुमी फक्त पाणी मारा."

पुरुषमंडळी एकमेकांकडे बघायला लागली. असं फुकट कोण देतं, हे न कळण्याइतकं कुणी भोळं नव्हतं. गावात याची तऱ्हा सगळ्यांना माहीत होती. हिंदू आळीत तो पाकिटं वाटायचा आणि पाकीट घेणाऱ्याचा हात नारळावर ठेवून गावदेवीची शपथ घ्यायला लावायचा. शपथ मोडली तर घरातलं माणूस जाईल, गुरं मरतील. आमच्या लोकांना त्याची गंमत वाटायची. नारळाला घाबरून मत देतात म्हणून आम्ही हसायचो.

"नारळावर हात आमी ठेवणार नाय," वाड्यातल्या एका म्हाताऱ्याने आधीच सांगून टाकलं.

"छे छे," दलाल म्हणाला. "तुमच्यात ते चालत नाय, मला ठाऊक हाय. मला नारळ नको नि शपथ नको. तुमी माणसं पंचशील म्हणता. नुसता तोंडाचा शब्द द्या, मला पुरे."

मग तो आईकडे वळला. "आई, तुमी बोला."

त्याला कुणी सांगितलं होतं की कुणाला विचारायचं ते? आजही मला वाटतं, आमच्या धर्माचा अभ्यास आमच्यापेक्षा त्याचा जास्त होता. आईने वर पत्र्याकडे बघितलं. मूर्तीकडे बघितलं. म्हणाली, "स्लॅब पडला तर मत तुमाला." आणि तिच्यामागे बसलेल्या बायका वंदनेत म्हणतात तशाच एका सुरात म्हणाल्या, "हो, तुमाला." मीही म्हणाले. मला तेव्हा त्यात काहीच वाईट दिसलं नाही. कुणाच्या घरात पैसे गेले नव्हते, दारू नव्हती, मटण नव्हतं. बुद्धाच्या डोक्यावर छप्पर येत होतं.

दिवाळीनंतर स्लॅब पडला. दलाल स्वतः उभा राहिला, सळई मोजून घेतली, मिस्त्रीला दम दिला. आईने एकवीस दिवस पाणी मारलं.

त्यानंतर महिन्याभराने जमिनीचे मोजणीवाले नदीवर आले.

आमच्या वाड्याचं मसण नदीच्या काठाला होतं. मूळ जमीन गावातल्या एका शेतकऱ्याच्या आजोबाची. त्या आजोबाने आमच्या लोकांना तोंडी सांगितलं होतं, इथे जाळा, माझी हरकत नाही. तीन पिढ्या आम्ही तिथेच माणसं नेली. माझ्या वडिलांनाही तिथेच नेलं. पण सातबाऱ्यावर मसणाचं नाव नव्हतं. आता नातवाने ती सगळी पट्टी मुंबईच्या माणसाला द्यायचं ठरवलं होतं, आणि मधला माणूस अर्थात आमचा स्लॅबवाला.

ही बातमी दादाला त्याच्या मित्राने दिली. मित्र हिंदू आळीतला, शाळेपासून दादाच्या बाकावर बसलेला. नदीवर त्याचा भाजीचा मळा होता. भेंडी-काकडी काढून स्वतःच्या छोट्या टेम्पोने तो कल्याणला न्यायचा. त्या जमिनीतूनच मळ्याकडे जायची वाट होती. कुंपण पडलं की आमचं मसण गेलं आणि त्याच्या आळीतल्या दहा-बारा घरांची वाट गेली. आमच्या ओटीवर बसून तो म्हणाला, "पंचायतीत आपला माणूस पायजे. ठराव करून मसण नि वाट कागदावर लावून घेतली तर अजून टाइम हाय. तू उभा रहा. तुझा वाडा तुझाच हाय. आमची आळी मी बघतो."

दादाने अर्ज भरला. त्याच वॉर्डात दलाल स्वतः उभा होता.

मी पुढच्या शनिवारी घरी आले तेव्हा दादा नुसता उडत होता. पाळी करून यायचा, हात-पाय धुवायचा आणि मित्राबरोबर घरोघर. त्याला वाड्याची काळजीच नव्हती. विहारात आम्ही काय बोललो ते त्याच्या कानावर आलं होतं, पण त्याने ते हसण्यावारी नेलं. "स्लॅब घेतला ना, बरा केला," तो म्हणाला. "आपण काय नारळाला भिणारी माणसं हाव?"

आई चुलीपुढे होती. तिने लाकडं आत सारली.

खरी गोष्ट मला त्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी कळली. मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते. समोर गावदेवीचं देऊळ. बघते तर हिंदू आळीतली माणसं रांगेने आत जातायत, प्रत्येकाच्या हातात नारळ. सण नाही, वार नाही. मित्र बाहेर येऊन टेम्पोत काकडीचे क्रेट चढवायला लागला, तेव्हा मी विचारलं, आज काय आहे.

तो हसला. "शपथ सोडवून घेतात, ताई. पाकीट घेताना नारळावर हात ठेवलेला ना. आता भगताकडून गाऱ्हाणा घालायचा, देवीला सांगायचा, बाई, पोटासाठी चुकलो, आमाला मोकळा कर. एक नारळ नि वर सव्वा रुपया. झाला. आता मत तुझ्या भावाला द्यायला मोकळे."

"आणि पाकीट?"

"पाकीट खर्च झाला कवाच."

मला हसू आवरेना. एसटीत बसल्यावरही हसत होते. मग शनिवारी घरी येऊन आईला ही गंमत सांगितली. आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"मोकळी झाली ती माणसं?" तिने विचारलं.

"झाली की."

"आपण कुणाकडून मोकळं व्हायचा?"

मी म्हणाले, आये, आपल्यात असलं काही नाही. ती म्हणाली, "तेच तर बोलतंय ना मी." तिने सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "बुद्ध काय देव नाय गो. देव असता तर पाया पडून सांगितला असता, चुकलो, सोड. त्याने सोडला असता."

मी शिकलेली. मी तिला समजवायला बसले. तो माणूस आपल्याला फसवतोय, मसण विकतोय, अशा माणसाला दिलेला शब्द कसला शब्द? ती म्हणाली, "तो खोटा हाय म्हणून मी खोटा बोलायचा?" मी म्हणाले, मग चल, त्याला तोंडावर सांगून येऊ, शब्द परत घेतला म्हणून. ती म्हणाली, "नि स्लॅब? तो पाठीवर घेऊन जाशील काय त्याच्या दारात?"

ज्या बाईने वयाच्या दहाव्या वर्षी बापाबरोबर घरातले देव नदीत सोडले, अंगात येणं, नवस, कोंबडं सगळं टाकून दिलं, ती शब्दाला अशी चिकटून बसली होती. आणि ज्यांना आम्ही अडाणी म्हणून हसायचो ती सव्वा रुपयात मोकळी होऊन हसतखेळत हिंडत होती. मला त्या दिवशी आईचा इतका संताप आला की मी जेवले नाही.

"दादाला तरी सांग," मी म्हणाले.

"विचारला तर सांगन."

दादाने विचारलंच नाही. आईला मत कुणाला देणार म्हणून कोण विचारतं? म्हसा गावची जत्रा आली. दादा आणि मित्र जत्रेत बैलबाजारात हिंडून वॉर्डातली माणसं गाठत होते. दादाने आईला जत्रेतून घोंगडी आणली. ती तिने घडी न मोडता पेटीत ठेवली.

मतदानाच्या आदल्या दिवशी वंदना झाल्यावर बायका उठल्या नाहीत. मी मागे पणत्या लावत होते. एकीने आईला विचारलं, "आता काय करायचा? तुझा पोरगा उभा हाय." सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. आई म्हणाली असती की द्या माझ्या पोराला, तर त्या तीसही जणींनी दिलं असतं, आणि पापाची धनीण एकटी आई झाली असती. मला वाटतं त्यांना तेच हवं होतं. आईने मूर्तीपुढची फुलं सारखी केली. मग म्हणाली, "मी कुणाला काय सांगत नाय. पण शब्द दिला तवा आपण सगळी हिथंच बसलेली." आणि पदर सावरून उठली.

मी दुसऱ्या दिवशी दादाला मत दिलं. खोटं बोलणारी आमच्या घरात मी पहिली. परत येताना वाटेत आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझा एक दादाला. माझा एक स्लॅबवाल्याला. फिटला." तिच्या बोटावरची शाई ती पदराने पुसत होती, निघत नव्हती.

दादा अकरा मतांनी पडला.

मतमोजणी तालुक्याला होती. मित्राचा टेम्पो दोघांना घेऊन परत आला तेव्हा दुपार झाली होती. दादा आत आला, भिंतीला टेकून बसला. आईने ताट वाढलं, भात आणि सुकटाचं कालवण. त्याने हात लावला नाही. अकरा मतांचा हिशोब त्याच्या डोक्यात फिरत होता. वाडा आपला, मग गेली कुठे मतं? मग वर न बघताच म्हणाला, "आये, वाड्यातून सगळ्यांनी मलाच दिला ना? तू दिलास ना?"

त्याला संशय नव्हता. माणूस उगाच विचारतो तसं विचारलं त्याने. मी दारात उभी होते. आईने माझ्याकडे बघितलं. विचारलं तर सांगेन म्हणाली होती ती.

"दिला रे," आई म्हणाली. "सगळ्यांनी दिला. जेव तू."

त्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मग आळीनेच मारला मला."

मी पाण्याचा तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला.

संध्याकाळी फाट्यावर दादाने मित्राला गाठलं. मित्र शपथा घेत होता, पोरांच्या, मळ्याच्या. त्याच्या आळीतून खरंच बहुतेक मतं दादाला पडली होती, हे मला कळत होतं. दादा चार लोकांत ओरडला, "तुझी शपथ ठाऊक हाय मला! एका नारळात सुटते!" मित्र टेम्पोत जाऊन बसला. ज्याने दादासाठी देवीची शपथ सोडवून घेतली त्याच्या शपथेवर दादाने विश्वास कसा ठेवायचा? त्यानंतर दोघे बोलले नाहीत. टेम्पो समोरून आला की दादा मान फिरवायचा.

ठराव झाला नाही. मुंबईवाल्याला ना हरकत दाखला मिळाला. पुढच्या वर्षी नदीवर भिंत आली, गेट आलं, आत हिरवळ. वडिलांना जिथे जाळलं तिथे आता छत्रीखाली खुर्च्या आहेत. वाड्याने मसण ओढ्याच्या काठाला नेलं. तिथे पावसात दोन पायांवर नीट उभंही राहता येत नाही.

पौर्णिमेच्या वंदनेला मी घरी होते. नव्या स्लॅबखाली आवाज चांगला घुमायचा. आई पुढे म्हणत होती, बायका मागून. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आई थांबली. बायकांना वाटलं ठसका लागला. एकीने मागून सुरुवात करून दिली, सगळ्यांनी ते म्हटलं, आणि पाचव्याला आई पुन्हा सुरू झाली. पुढच्या पौर्णिमेला तेच. मग तिने घसा बसतो म्हणून वंदना दुसऱ्या बाईकडे सोपवली आणि स्वतः मागे भिंतीपाशी बसायला लागली. मी शेजारी बसायचे. चौथ्या शीलाला तिचे ओठ मिटलेले असायचे, दर वेळी. दादाला कधी दिसलं नाही. तो पुरुषांच्या बाजूला डोळे मिटून मोठ्याने म्हणायचा.

मी तिला एकदा म्हणाले, आये, सांगून टाक त्याला. तुझी सुटका होईल. ती म्हणाली, "माझी होईल. त्याची?"

काही वर्षांनी, श्रावणात, आई गेली. आठ दिवस पाऊस लागून होता. ओढा काठ सोडून वाहत होता, तिथे नेणं शक्यच नव्हतं. तालुक्याच्या स्मशानभूमीत न्यायचं ठरलं. पण त्या पावसात गाडी कुठून आणायची? माणसं फोन करत होती.

तेवढ्यात मित्राचा टेम्पो वाड्यात शिरला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने क्रेट उतरवून मागचा भाग धुऊन काढला होता, वर नवी ताडपत्री बांधली होती. खाली उतरून तो डोक्यावर गोणपाट घेऊन उभा राहिला. दादाकडे न बघता म्हणाला, "आईला नेऊ या."

दादा दारातून म्हणाला, "तुझी गाडी नको. मतं विकणाऱ्याचा खांदा माझ्या आईला नको."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी घरातली शिकलेली म्हणून. मला एक वाक्य बोलायचं होतं. दादा, त्याने मत तुलाच दिलं, आपल्या आईने नाही दिलं. एवढंच. आई आत पांढऱ्या कापडात निजलेली. मी तिच्याकडे बघितलं, मित्राकडे बघितलं, आणि म्हणाले, "दादा म्हणतो तसं करा."

किन्हवलीहून दुसरी गाडी यायला तीन तास लागले. तेवढा वेळ मित्र टेम्पोपाशी पावसात उभा होता. मग आमच्या गाडीमागे रिकामा टेम्पो घेऊन तालुक्यापर्यंत आला आणि स्मशानाच्या गेटबाहेर थांबला.

आत वाड्यातल्या म्हाताऱ्याने त्रिशरण-पंचशील सुरू केलं. आम्ही सगळे मागून म्हणत होतो. दादाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. चौथ्या शीलाला मी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. दादाने वळून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, मी रडतेय.